वाचकांचे प्रश्न : दार लावून घेतल्यानंतरचा विश्वास

या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे निरनिराळ्या शब्दांत एकच गोष्ट विचारतात : जो विश्वास आपण ओठांनी कबूल करतो, उपासनेत गातो आणि इतरांना सांगतो, तो आपल्या अंतःकरणात खरोखर आहे का, आणि नसेल तर आपण काय करावे? त्यांतील काही पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत, आणि आशयाला धक्का न लावता काही मजकूर कमी केला आहे.

प्रश्न : मंडळीच्या उपासनेत प्रार्थना करण्याची जबाबदारी अनेक वर्षांपासून माझ्याकडे आहे. माझी प्रार्थना ऐकून लोकांचे डोळे भरून येतात आणि नंतर ते तसे मला सांगतातही. घरी एकटा असताना मात्र मला चार वाक्येसुद्धा सुचत नाहीत, आणि खरे सांगायचे तर कित्येक दिवस मी गुडघे टेकतच नाही. मी ढोंगी आहे का? ही जबाबदारी मी सोडून द्यावी का?

उत्तर : तुमच्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या एकत्र बांधून तुम्ही स्वतःला दोषी ठरवले आहे. एकांतात शब्द न सुचणे हा दोष नाही. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या आरंभी हन्ना परमेश्वरासमोर आपले दुःख मांडते, तेव्हा तिचे फक्त ओठ हलत असतात, आवाज ऐकू येत नाही. आणि प्रार्थना करणाऱ्यांना पाहण्यातच ज्याचे आयुष्य गेले तो एली याजक तिला मद्य प्यालेली समजतो. जिचा शब्द याजकाच्या कानी पडला नाही, तिचे गाऱ्हाणे देवाने ऐकले. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौल याही पुढे जातो आणि म्हणतो की, कशी प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा स्वतः शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो. म्हणून तुमची ती चार अडखळती वाक्ये, किंवा एकही वाक्य न उच्चारता देवापुढे घालवलेला वेळ, लोकांसमोरच्या प्रार्थनेपेक्षा हलक्या प्रतीचा आहे असे मानू नका.

दुसरी गोष्ट मात्र गंभीर आहे, आणि ती तुम्ही जाता जाता लिहिली आहे : कित्येक दिवस तुम्ही गुडघे टेकतच नाही. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभू येशू सभास्थानांत आणि चवाठ्यांवर उभे राहून प्रार्थना करणाऱ्यांविषयी बोलतात, तेव्हा त्या लोकांचे शब्द चुकीचे होते असे ते म्हणत नाहीत. ती प्रार्थना कोणासाठी चालली होती, एवढेच ते विचारतात. लोकांनी पाहावे अशी त्यांची इच्छा होती. लोकांनी पाहिले, आणि व्यवहार तेथेच पुरा झाला. ते आपले प्रतिफळ भरून पावले आहेत, हे प्रभूंचे बोल मला डोंगरावरील संपूर्ण प्रवचनातील सर्वांत भयंकर बोलांपैकी वाटतात, कारण त्यांत शिक्षेची धमकी नाही. जे मागितले ते मिळाले आणि आता आणखी काही मिळायचे उरले नाही, एवढेच ते सांगतात.

तुम्ही ढोंगी आहात का, याचे उत्तर देताना एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. कमी पडणे म्हणजे ढोंग नव्हे. कमी पडलेले झाकून ठेवणे आणि झाकण सुबक दिसावे म्हणून झटणे, हे ढोंग होय. ज्याची प्रार्थना दुबळी आहे आणि जो ते मान्य करतो तो दुबळा विश्वासी आहे, आणि अशांसाठी सुवार्तेत भरपूर जागा आहे. तुम्ही हे पत्र लिहिलेत, म्हणजे झाकण उचलले आहे. आता तेच आपल्या पाळकांसमोर बोला, आणि काही काळ उपासनेतील प्रार्थना दुसऱ्या कोणाकडे द्यावी अशी विनंती करा. ही शिक्षा नाही. ऐकणारे कोणी नसतानाही आपल्याला देवाशी बोलावेसे वाटते का, हे त्या काळात तुम्हाला कळेल, आणि ते कळणे तुमच्यासाठी अत्यंत आवश्यक आहे. पुन्हा उभे राहाल तेव्हा प्रार्थना आखूड ठेवा. फार बोलल्याने आपले ऐकले जाईल असे समजू नका, हा इशारा प्रभूंनी त्याच अध्यायात दिला आहे. कोणी स्तुती केली तर आभार माना आणि विषय तेथेच सोडा. मी किती नालायक आहे असे त्यावर सांगत बसणे हीसुद्धा पुष्कळदा आणखी स्तुती मिळवण्याची वाट असते.

प्रश्न : रविवारच्या शाळेत एका मुलीने मला विचारले की, तुमची सत्कर्मे लोकांनी पाहावीत असे येशू मत्तयाच्या पाचव्या अध्यायात सांगतात आणि सहाव्या अध्यायात लोकांनी पाहावे म्हणून काही करू नका असे सांगतात, मग यांतले खरे कोणते? मला नीट उत्तर देता आले नाही.

उत्तर : मुलीचा प्रश्न उत्तम आहे. दोन्ही वचने एकाच डोंगरावरील प्रवचनातील आहेत, ऐकणारेही तेच आहेत, त्यामुळे प्रभूंना पहिले बोलणे दुसऱ्या वेळी आठवले नसेल असे म्हणता येत नाही. पाचव्या अध्यायात दिव्याचे, म्हणजे सत्कर्मे लोकांना दिसू देण्याचे, वचन कशानंतर येते ते मुलांना शोधायला सांगा. नीतिमत्त्वासाठी ज्यांचा छळ होतो ते धन्य, माझ्यामुळे लोक तुमची निंदा करतील तेव्हा तुम्ही धन्य, असे सांगून झाल्यावर लगेच मिठाचे आणि दिव्याचे बोलणे येते. म्हणजे ज्या चांगुलपणाची किंमत मोजावी लागते, ज्यामुळे लोक तोंड फिरवतील, तो भीतीपोटी मापाखाली झाकू नका, असा तेथे रोख आहे. सहाव्या अध्यायात दानधर्म, प्रार्थना आणि उपास या तीन गोष्टी येतात, आणि त्या काळी या तिन्ही गोष्टींनी माणसाची समाजात वाहवा होत असे. जेथे वाहवा मिळते तेथे दार लावून घ्या. जेथे दगड पडण्याची शक्यता आहे तेथे दिवा दिवठणीवर ठेवा. पहिल्या वचनात गौरव स्वर्गातील पित्याचा होतो, हेही मुलांच्या नजरेस आणून द्या.

उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू नये, असेही प्रभू म्हणतात. याचा अर्थ इतरांपासून लपवणे एवढाच नाही. आपल्या चांगुलपणाचा हिशेब आपण स्वतःही ठेवू नये, असा आहे. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील न्यायाच्या वर्णनात उजवीकडचे लोक विचारतात की, प्रभू, आम्ही तुला भुकेला कधी पाहिले आणि खायला कधी दिले? त्यांना आठवतच नाही. एवढे सांगितले तर मुलांना पुरेल.

प्रश्न : मंडळीच्या इमारतीसाठी मी ऐपतीप्रमाणे चांगली रक्कम दिली. देणगीदारांची नावे वाचून दाखवली तेव्हा माझे नाव राहून गेले. मन खट्टू झाले, आणि मन खट्टू झाल्याची लाजही वाटली. नाव वाचायला सांगावे का?

उत्तर : सांगू नका. तुम्हाला पावती मिळाली नसेल, तर खजिनदारांना तेवढे अवश्य सांगा, कारण मंडळीचा हिशेब चोख असला पाहिजे. पण तो हिशेबाचा प्रश्न आहे, सन्मानाचा नाही. मन खट्टू झाले यात नवल काही नाही, आणि त्यामुळे दिलेले दान वाया गेले असेही नाही. मार्काच्या बाराव्या अध्यायातील विधवा दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक किमतीची नाणी, भांडारात टाकून निघून जाते. प्रभू तिच्याविषयी शिष्यांना बोलावून सांगतात. तिला काही सांगितल्याचा उल्लेख शुभवर्तमानात नाही. आपल्याला कोणी पाहिले आणि सर्वांहून अधिक दिल्याचे कोणी ठरवले, हे बहुधा तिला कळलेही नसेल. नाव राहून गेल्यामुळे, तुमच्या इच्छेविरुद्ध का होईना, तुम्ही तिच्या रांगेत उभे आहात. ती जागा सोडू नका.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकतो. लहानपणापासून उपासनेला जात आलो, पण आता जावेसे वाटत नाही. मंडळीतील वडीलधारी माणसे पदांसाठी भांडतात, एकमेकांशी बोलत नाहीत आणि तरीही प्रभुभोजनाला शेजारी शेजारी उभी राहतात. देव अंतःकरण पाहतो ना? मग विश्वास मनात असला की पुरे, हा सगळा बाह्य खटाटोप कशासाठी?

उत्तर : तुमचा राग योग्य ठिकाणी आहे आणि तो शास्त्रातूनच आलेला आहे. आमोसाच्या पाचव्या अध्यायात परमेश्वर म्हणतो की, तुमच्या उत्सवांचा मला तिटकारा आहे, तुमच्या गीतांचा गलबला माझ्यापासून दूर करा, न्याय पाण्याप्रमाणे वाहू द्या. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात लोक विचारतात की आम्ही उपास केला तरी देव पाहत कसा नाही, आणि उत्तर मिळते की, उपासाच्या दिवशीही तुम्ही आपल्या मजुरांना राबवता आणि भांडणतंटे करता. प्रभू येशूंनी शास्त्री आणि परूशी या त्या काळच्या धर्मपुढाऱ्यांविषयी मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात जे कठोर शब्द काढले, तसे त्यांनी जकातदारांविषयी किंवा पतित मानलेल्या स्त्रियांविषयी कधी काढले नाहीत.

एवढे मान्य करून आता दुसरी बाजू पाहा. पुदिना, शेप आणि जिरे यांचा दशमांश देऊन न्याय, दया आणि विश्वास या मोठ्या गोष्टी तुम्ही सोडल्या, असे म्हटल्यावर प्रभू पुढे काय म्हणतात? ह्या करायच्या होत्या आणि त्याही सोडायच्या नव्हत्या. प्याला आतून स्वच्छ करा म्हणजे तो बाहेरूनही स्वच्छ होईल, असे ते सांगतात. प्याला फोडा असे सांगत नाहीत. शब्बाथ दिवशी सभास्थानात जाण्याचा त्यांचा परिपाठ होता, हे लूक चौथ्या अध्यायात नोंदवतो, आणि त्या सभास्थानांत कोणत्या प्रकारची माणसे बसत हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते.

करिंथ येथील मंडळीची अवस्था तुम्ही लिहिलेल्यापेक्षा बरी नव्हती. तेथे प्रभुभोजनासाठी जमलेले काही जण भरपूर खाऊनपिऊन घेत आणि गरीब तसेच उपाशी राहत. पौल त्यांना भोजन बंद करा असे लिहीत नाही. स्वतःची परीक्षा करा आणि एकमेकांसाठी थांबा, असे लिहितो. अंत्युखियात तर खुद्द पेत्र यहुदीतर बांधवांबरोबर जेवत होता आणि यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून माणसे आल्यावर भीतीने मागे सरला. पौलाचा सहकारी बर्णबासुद्धा त्या ढोंगात ओढला गेला, असे गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. पौलाने ते सर्वांसमक्ष पेत्राच्या तोंडावर बोलून दाखवले, पण त्यासाठी मंडळी सोडली नाही. मंडळीत राहून बोलण्याचा हा मार्ग बाहेर पडण्यापेक्षा कठीण आहे, पण तो तुमच्यासाठी खुला आहे, आणि तुमच्या वयाच्या माणसाने तो स्वीकारावा अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.

आणखी एक धोका मला तुम्हाला सांगितला पाहिजे. जो विश्वास केवळ मनात असतो, त्याची पारख करणारे आपल्याशिवाय दुसरे कोणीच उरत नाही, आणि आपण स्वतःचे फार दयाळू परीक्षक असतो. लूकच्या अठराव्या अध्यायातील परूशी मंदिरात उभा राहून काय म्हणतो? मी इतरांसारखा नाही, याबद्दल मी तुझे आभार मानतो. त्याच्या जागी आज एखादा तरुण घरी बसून, मी त्या ढोंगी लोकांसारखा उपासनेला जात नाही याबद्दल देवाचे आभार मानत असेल, तर प्रार्थना बदललेली नाही. प्रामाणिकपणाचेही प्रदर्शन मांडता येते, आणि ते ओळखू येणे सर्वांत अवघड असते. म्हणून उपासनेला जा, मागच्या बाकावर बसा हवे तर. आणि ज्या कोणा वृद्ध स्त्रीचे किंवा पुरुषाचे जगणे तुम्हाला खरे वाटते, अशी एक व्यक्ती शोधा. त्या व्यक्तीला मंडळीत पद नसण्याची शक्यता बरीच आहे.

प्रश्न : माझे पती मंडळीत मान्यवर आहेत. बायबल अभ्यासवर्ग घेतात, आजाऱ्यांना भेटतात, कोणाची अडचण असली की धावून जातात. घरी मात्र त्यांचा शब्द सदैव कडवट असतो. मला आणि मुलांना टाकून बोलतात, आठवडा आठवडा अबोला धरतात, आणि उपासनेला निघताना चेहरा बदलतो. मोठा मुलगा आता म्हणतो, हाच ख्रिस्ती विश्वास असेल तर मला तो नको. मी सहन करत राहावे की कोणाला सांगावे? सांगितले तर पतीची आणि मंडळीचीही बदनामी होईल, याची भीती वाटते.

उत्तर : ताई, ज्या गोष्टीविषयी तुम्ही इतक्या संकोचाने लिहिले आहे, तिच्याविषयी शास्त्र संकोच करत नाही. मलाखीच्या दुसऱ्या अध्यायात लोक परमेश्वराची वेदी आसवांनी भिजवतात आणि विचारतात की आमचे अर्पण तू का स्वीकारत नाहीस, तेव्हा संदेष्टा सांगतो : तुझ्या तारुण्यातील पत्नी आणि तू यांच्यामध्ये परमेश्वर साक्षी आहे, आणि तू तिच्याशी विश्वासघाताने वागलास. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पतींना सांगितले आहे की, पत्नी ही कृपेच्या जीवनाची जोडीची वारस आहे, म्हणून तिला मान द्या. आणि त्याचे कारण म्हणून पेत्र जोडतो की, नाहीतर तुमच्या प्रार्थनांत व्यत्यय येईल. याचा अर्थ असा की, जो पुरुष घरात पत्नीचा मान राखत नाही, त्याने अभ्यासवर्गात केलेली प्रार्थना वाटेतच अडते. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात मंडळीच्या अध्यक्षाची पात्रता सांगताना पौल विचारतो की, ज्याला स्वतःचे घर सांभाळता येत नाही तो देवाची मंडळी कशी सांभाळील?

तुमचे पती आजाऱ्यांना भेटतात ते खोटेच असते, असे मी म्हणणार नाही. त्या आजाऱ्यांना मिळालेला दिलासा खरा असतो. परंतु बाहेरच्या सेवेला प्रतिसाद मिळतो, कृतज्ञ नजरा मिळतात; घरात थकलेल्या माणसाला थकलेली माणसे भेटतात आणि तेथे टाळ्या कोणी वाजवत नाही. म्हणूनच माणूस ख्रिस्ताचा झाला आहे की नाही हे घरातील बोलण्यावरून जितके कळते तितके व्यासपीठावरून कळत नाही. आणि बाहेर केलेल्या दहा भेटींनी घरातील एका अपमानाची भरपाई होत नाही. हे दोन हिशेब देवाजवळ एकमेकांत वळते होत नाहीत.

सहन करत गप्प राहणे हे प्रेम आहे, असे तुम्हाला कोणी सांगितले असेल तर ते मनातून काढून टाका. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभू क्रम घालून देतात : प्रथम एकांतात त्याचा दोष त्याला दाखव, त्याने ऐकले नाही तर एकदोघांना बरोबर घे, तरीही ऐकले नाही तर मंडळीला कळव. शांत वेळ पाहून पतींशी बोला. समोर बोलणे अवघड जात असेल तर लिहून द्या, आणि तक्रारींची जंत्री न मांडता दोनतीन ठळक प्रसंग नेमकेपणाने सांगा. त्याने काही बदलले नाही, तर ज्यांचा शब्द ते मानतात अशा एखाद्या वडील जोडप्याला किंवा पाळकांना सांगा. बदनामी ज्या वागण्यामुळे होते त्या वागण्याची जबाबदारी सांगणाऱ्यावर पडत नाही. मात्र तुमच्यावर किंवा मुलांवर हात उगारला जात असेल, किंवा तशी भीती असेल, तर हा क्रम तुम्हाला बांधत नाही. प्रथम मुलांसह सुरक्षित ठिकाणी जा, विश्वासू माणसांना कळवा, आणि कायद्याची मदत घेणे हा अविश्वास आहे असे कोणी म्हटले तर त्यांचे ऐकू नका. अशा छळाला तुमचा वधस्तंभ म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. शिष्याने जो वधस्तंभ उचलावा असे प्रभू सांगतात तो त्याने स्वेच्छेने उचलायचा आहे. बलवानाने दुबळ्याच्या खांद्यावर लादायचा नाही.

मुलापुढे वडिलांची बाजू सावरत बसू नका. तुला जे खटकते ते येशूलाही खटकत होते, असे त्याला सांगा, आणि ते सत्य आहे. बापांनो, आपल्या मुलांना चिडवू नका, नाहीतर ती खिन्न होतील, असे कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात आहे. तुमचा मुलगा त्या खिन्नतेतून बोलतो आहे. त्याला उपासनेला ओढून नेऊ नका. विश्वास कसा असतो हे त्याला एका ठिकाणी तरी पाहायला मिळू द्या, आणि सध्या ते ठिकाण तुम्ही आहात.

हे उत्तर तुमच्या पतींच्या वाचनात आले, तर त्यांच्यासाठी माझी एकच विनंती आहे. बंधू, पुढचा अभ्यासवर्ग घेण्यापूर्वी आपल्या मोठ्या मुलाजवळ बसा आणि कोणत्या शब्दांनी आपण त्याला दुखावले ते शब्द सांगून त्याची क्षमा मागा, आणि त्या वाक्यात ‘पण’ येऊ देऊ नका.

प्रश्न : माझा छोटा व्यवसाय आहे. काही वर्षे मी कामगारांच्या मजुरीत खोट्या नोंदी करून पैसे कापले. एका उपासनेत मला त्याची तीव्र जाणीव झाली, मी रडून देवाजवळ पाप कबूल केले आणि मनाला शांती मिळाली. पत्नी म्हणते की पैसे परत करा. पण तारण कृपेने आहे, कर्मांनी नाही. पैसे परत करणे म्हणजे कृपेवर विश्वास नसणे ठरणार नाही का?

उत्तर : तुमच्या पत्नीचे म्हणणे बरोबर आहे. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात लिहिले आहे की, कापणी करणाऱ्यांची जी मजुरी तुम्ही अडकवून ठेवली ती ओरडत आहे. तुम्हाला शांती मिळाली असली तरी ती मजुरी अजून शांत झालेली नाही. लेवीयच्या सहाव्या अध्यायात, ज्याने शेजाऱ्याला फसवले त्याने मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा त्या शेजाऱ्याला परत द्यावा आणि दोषार्पण आणावे, असा नियम आहे. डोंगरावरील प्रवचनातही, आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे वेदीपाशी आठवले तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करायला जा, असे प्रभू सांगतात. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातील श्रीमंत जकातदार जक्कयाने तारण विकत घेतले नाही. येशू त्याच्या घरी आधी गेले आणि चौपट परत देण्याचे बोलणे नंतर झाले. पण ते झाले. जर्मन धर्मशास्त्री डीट्रिख बोनहोफर, ज्यांना नाझी राजवटीने १९४५ मध्ये फाशी दिली, त्यांनी १९३७ मध्येच पश्चात्तापाविना दिलेल्या क्षमेला स्वस्त कृपा म्हटले होते, आणि ती मंडळीची वैरीण आहे असा इशारा दिला होता.

जुन्या नोंदी काढा, प्रत्येकाचा हिशेब करा आणि ज्याचे त्याला द्या. एकदम देणे शक्य नसेल तर हप्त्यांनी द्या, पण रक्कम आणि तारखा लिहून द्या. काम सोडून गेलेल्यांना शोधा. कोणी हयात नसेल तर त्याच्या वारसांना द्या. कायदेशीर बाबींसाठी जाणकाराचा सल्ला घ्या, आणि तो तुमच्या सोयीपुरता घेऊ नका. दान म्हणून हे पैसे मंडळीला देऊ नका, कारण ते तुमचे नाहीत. आणि परतफेड पुरी होईपर्यंत या घटनेची साक्ष मंडळीसमोर देऊ नका.

प्रश्न : माझा जन्म ख्रिस्ती घरात झाला, बाप्तिस्मा झाला, दृढीकरण झाले, मी मुलांना शिकवते, गायनवृंदात गाते. परंतु बऱ्याच काळापासून आत काहीच जाणवत नाही. विश्वासांगीकार म्हणताना वाटते की मी खोटे बोलत आहे. हे सगळे थांबवावे का?

उत्तर : न जाणवणे आणि न मानणे यांत अंतर आहे, आणि तुमच्या पत्रावरून तुम्ही पहिल्या अवस्थेत आहात असे मला वाटते. ज्याला देवाशी काही देणेघेणे उरले नाही, तो आपण खोटे बोलतो की काय या विचाराने अस्वस्थ होत नाही. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधाराच्या उल्लेखावर संपते. त्यात शेवटी उजेड येत नाही, तरीही ते पहिल्या ओळीपासून देवालाच उद्देशून म्हटलेले आहे आणि मंडळीच्या प्रार्थनेत आजही त्याला स्थान आहे. मार्काच्या नवव्या अध्यायातील पिता जमावासमोर मोठ्याने ओरडून सांगतो की माझा विश्वास आहे, आणि त्याच दमात आपल्या अविश्वासासाठी मदत मागतो. प्रभूंनी त्याचा विश्वास पुरता होण्याची वाट पाहिली नाही; मुलाला बरे केले.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण येथे द्यावेसे वाटते. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये झाला. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी लिहिले की, सुमारे आठ वर्षांनंतर त्यांच्या ध्यानात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. या मधल्या काळातच, १८८९ मध्ये, त्यांनी विधवांसाठी शारदा सदन सुरू केले होते. बाहेरून पाहणाऱ्याला त्यांच्या श्रद्धेत काही उणे दिसले नसते. उणे त्यांनी स्वतः ओळखले आणि लिहून ठेवले. हे कळल्यावर त्यांनी विधवांसाठी चालवलेले काम बंद केले नाही. त्या ख्रिस्ताला शोधू लागल्या, आणि काम पुढे वाढतच गेले.

म्हणून शिकवणे थांबवू नका. मुलांना जे तुम्हाला खरे वाटते ते सांगा, आणि जेथे तुम्हाला ठाऊक नाही तेथे ठाऊक नाही असे सांगा. गायनवृंदातून काही काळ विश्रांती घ्यावीशी वाटली तर खुशाल घ्या. विश्वासांगीकार म्हणताना सारा भार एकट्या तुमच्यावर नसतो. त्या दिवशी तुमच्या शेजारची व्यक्ती तुमच्या वतीनेही तो म्हणत असते, आणि एखाद्या दिवशी तुम्ही तिच्या वतीने म्हणाल. ज्या ओळीपाशी आवाज अडतो तेथे थांबा, ऐका, आणि पुढची ओळ म्हणता आली तर म्हणा. आवेग येईल अशी वाट पाहत बसू नका आणि तो ओढूनताणून आणूही नका. रोज योहानाच्या शुभवर्तमानाचा थोडा भाग वाचा आणि वाचून झाल्यावर जे मनात असेल ते, कंटाळा असेल तर कंटाळासुद्धा, देवाला सांगा. नेमकी कोणती ओळ तुम्हाला अडते ते मला कळवा. पुढच्या अंकात त्याच ओळीविषयी सविस्तर लिहीन.